कुत्र्याचं लक्ष आपल्याकडे कसं आणायचं: सोलापुरात नव्यानं कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

नवीन कुत्रा घरी आला की थोड्याच दिवसांत एक तक्रार सुरू होते: हाक मारली तरी बघत नाही. घरात गोंडा घोळत मागे-मागे फिरतो आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की आपल्याला ओळखतही नसल्यासारखा वागतो. मग शेजारचे काका सांगतात, साखळीला एक झटका द्या. कुणी म्हणतं, एक फटका बसला की सुधारेल. कुणी म्हणतं, ही जातच ऐकत नाही. माझ्याकडे मंगळवेढ्याहून आणलेली कारवान जातीची कुत्री आहे, बिजली. हे तिन्ही सल्ले मला मिळाले. ते बाजूला ठेवून जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करा. कुत्रा आपल्याकडे बघतो तो सवयीनं, आणि ही सवय आपणच लावायची असते. मालकाकडे बघितलं की दर वेळी काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याला शेकडो वेळा अनुभवायला मिळालं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी कुत्र्याची बाजू

कुत्र्यांच्या आपसातल्या व्यवहारात डोळ्याला डोळा भिडवून बघत राहणं म्हणजे धमकी असते. म्हणून नवीन कुत्रा आपली नजर टाळतो तेव्हा तो हट्टीपणा करत नसतो, सभ्यपणे वागत असतो. आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं सुरक्षित आहे, हे त्याला शिकवावं लागतं. एकदा ते जमलं की त्यातून दोघांनाही सुख मिळतं. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांना 2015 साली आढळलं. आई आणि बाळाच्या जिव्हाळ्याशी जोडलेलं हार्मोन ते हेच.

आपल्या भागात मुधोळ, कारवान, पश्मी पाळणारे खूप आहेत. ही नजरेनं शिकार करणारी कुत्री. लांबवर शेळी हलली, मांजर पळालं, वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी उडाली की त्यांची मान तिकडे वळणारच. त्यांचं लक्ष मिळवायला लॅब्रॅडॉरपेक्षा जास्त धीर लागतो हे खरं, पण मिळतं. भारतीय लष्करानं 2016 साली मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला नेली होती. तेव्हा ‘ही जातच ऐकत नाही’ हे मनातून काढून टाका.

काय काय लागेल

- छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा. मुधोळ-कारवानची मान डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळे साधा गळपट्टा मागे ओढला की डोक्यावरून निसटतो. या कुत्र्यांना रुंद पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला.
- पाच-सहा फुटांची कापडी लीश. लोखंडी साखळी नको. तिच्या वजनानं आणि आवाजानं कुत्र्याचं अर्धं लक्ष तिच्याकडेच राहतं.
- दहा मीटरचा सुती दोर. तो हार्नेसलाच बांधायचा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. धावता धावता दोर संपला तर मानेला जोराचा हिसका बसतो.
- कमरेला बांधायची छोटी पिशवी, खाऊसाठी.
- पाण्याची बाटली आणि पसरट भांडं.
- लसीकरणाचं कार्ड. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात देतात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दर वर्षी. महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करताना हेच कार्ड लागतं, म्हणून त्याची एक झेरॉक्स फायलीत ठेवा आणि एक फोटो मोबाइलमध्ये.

खाऊबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे जिवावर बेतू शकतं. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर, शाकाहारी घरात पनीरच्या जोडीला उकडलेलं रताळं किंवा गाजर, हे सगळं चालतं. तुकडा करंगळीच्या नखाएवढा असावा, चावत बसावा लागू नये. घरातली भाकरी रोजचीच असते, त्यामुळे शिकवताना तिचं कौतुक राहत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत, त्यामुळे आपली शेंगाचटणी लावलेली भाकरी किंवा रश्शातला मटणाचा तुकडा देऊ नका. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात बेदाणे घरोघरी असतात आणि लहान मुलं प्रेमानं भरवतात, म्हणून मुलांना हे समोर बसवून समजावून सांगा. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली शुगर-फ्री उत्पादनंही तितकीच धोक्याची.

1. आधी तब्येत तपासून घ्या

कानात संसर्ग असेल, अंगाला गोचीड लागले असतील, पोट बिघडलं असेल, तर कुत्रा लक्ष देऊच शकत नाही. डोकं सारखं झटकणं, कान खाजवणं, कानाला वास येणं ही लक्षणं दिसली तर आधी डॉक्टर. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे बराच दिसतो. कुत्रा अचानक मलूल झाला, खाणं सोडलं तर शिकवणं थांबवा आणि रक्त तपासून घ्या. ऐकू येतं की नाही अशी शंका असेल तर तो दुसरीकडे बघत असताना पाठीमागे बिस्किटाचा पुडा चुरगाळा. कान हललेच पाहिजेत.

2. वेळ ठरवा

एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाच्या आधी. वीस मिनिटांची शिकवणी घेतली तर शेवटची पंधरा मिनिटं तुम्ही त्याला दुर्लक्ष करायलाच शिकवता.

सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. मार्च ते जून बाहेरचा सराव पहाटे किंवा दिवस मावळल्यावर बऱ्याच वेळानं. डांबर आणि सिमेंट संध्याकाळी सातलाही तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजतील. जीभ खूप लांब बाहेर, लाळ चिकट, चाल अडखळती असं दिसलं तर ताबडतोब सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना फोन करा.

3. खुणेचा शब्द

तुकडा हातात येईपर्यंत कुत्र्याच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालेलं असतं. म्हणून ‘आत्ता केलंस ते बरोबर’ हे त्याच क्षणी सांगणारा एक छोटा शब्द हवा. ‘येस’ चालेल, ‘हां’ चालेल. ‘शाब्बास’ थोडा लांब पडतो.

शांत खोलीत बसा. शब्द म्हणा, लगेच तुकडा द्या. पुन्हा शब्द, पुन्हा तुकडा. असं दहा-पंधरा वेळा. क्रम महत्त्वाचा: आधी शब्द, मग हात हलवायचा. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हातच बघतो आणि शब्द त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. शब्द ऐकताच तो तुमच्याकडे झटकन मान वळवायला लागला की ही पायरी झाली.

आपल्याकडे बऱ्याच घरांत मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलतात. आजी ‘बा’ म्हणते, शेजारच्या मावशी ‘रा’ म्हणतात, मुलं ‘कम’ म्हणतात, आणि कुत्र्यानं सगळ्यांना ‘ये’ समजून यावं अशी अपेक्षा असते. शब्द कुठल्याही भाषेतले चालतात, पण घरभर एकच हवा. ठरलेले चार-पाच शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे ही यादी सासूबाईंनी लिहिली आणि पाहुण्यांकडूनही त्याच ती पाळून घेतात.

4. नावाची किंमत राखा

कुत्रा बघत नाही याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे दिवसभर फुकट घेतलेलं त्याचं नाव. ‘मोती, सरक’, ‘मोती, गप्प’, ‘मोती मोती मोती’. नावानंतर काहीच घडत नाही, किंवा ओरडा मिळतो. मग त्या आवाजाकडे तो का बघेल?

नाव एकदाच घ्या, आनंदी आवाजात. त्यानं मान वळवली, नुसता एक कान वळवला तरी ‘येस’ आणि तुकडा. वळला नाही तर पुन्हा नाव घेऊ नका. जिभेनं चटचट आवाज करा, एक पाऊल मागे जा, वळला की ‘येस’. पुढच्या वेळी त्याच्या आणखी जवळ जाऊन नाव घ्या.

रागावताना नाव घ्यायचं नाही. चप्पल चावताना दिसला तर ‘नको’ म्हणा किंवा चप्पल काढून घ्या, पण नाव त्यात ओढू नका. हे घरातल्या प्रत्येकानं पाळायचं आहे. ही सवय मोडायला कुत्र्यापेक्षा माणसांना जास्त दिवस लागतात. आधीच्या मालकाकडे किंवा आधीच्या काही महिन्यांत नाव पुरतं खराब झालं असेल तर सरळ नवीन नाव ठेवा. कुत्र्याला त्याचं काहीच वाटत नाही.

5. बंद मुठीचा सराव

मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली पायरी ही, म्हणून ती घाईनं करू नका.

कुत्र्यासमोर खुर्चीवर किंवा जमिनीवर थोडं तिरकं बसा. त्याच्यावर ओणवं होऊ नका. एका हाताच्या मुठीत तुकडा धरा आणि मूठ शरीरापासून बाजूला, त्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. दुसऱ्या हातातले तुकडे पाठीमागे. आता काहीही बोलू नका.

तो मूठ हुंगेल, चाटेल, पंजानं खरवडेल. मूठ उघडायची नाही, ‘नको’ही म्हणायचं नाही. थोड्या वेळानं तो थांबतो, जरासा मागे सरतो. बिजली या क्षणी नाकातून एक फुस्कारा सोडायची, मग तिची नजर मुठीवरून माझ्या मनगटावर, तिथून खांद्यावर आणि मग हनुवटीवर यायची. नजर चेहऱ्यापर्यंत पोचली, अर्धा सेकंद का होईना, की लगेच ‘येस’ आणि मागच्या हातातला तुकडा. मुठीतला तुकडा द्यायचा नाही. जे हवं आहे त्याच्याकडे टक लावून ते मिळत नाही, माणसाकडे बघितलं की मिळतं, एवढंच त्याला कळायला हवं.

तो मूठ बाजूला येताच थेट तुमच्याकडे बघायला लागला की वेळ वाढवा. एक सेकंद, मग दोन, मग परत एक, मग तीन. दर वेळी आधीपेक्षा जास्त मागत गेलात तर तो कंटाळून निघून जातो. मध्येच सोपं द्या. पाच-सहा सेकंद सहज टिकायला लागले की नजरेला शब्द जोडा. ‘बघ’ म्हणा आणि थांबा. शब्द आधी शिकवत बसू नका. कृती पक्की झाल्यावर दिलेला शब्द कुत्रा लवकर पकडतो.

घाबरट किंवा रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा असेल तर डोळ्यांचा आग्रह धरू नका. त्यानं तुमच्या हनुवटीकडे किंवा नुसतं तुमच्या दिशेनं बघितलं तरी ‘येस’ म्हणा.

6. न मागता मिळालेली नजर टिपा

दोन-तीन डब्यांत टिकणारा खाऊ, म्हणजे त्याच्या रोजच्या कोरड्या खाण्याचे दाणे, घरात ठिकठिकाणी ठेवा: ओट्यावर, टीव्हीजवळ, जिन्यात. तुम्ही तुमचं काम करत राहा. कुत्र्यानं आपणहून मान वर करून तुमच्याकडे पाहिलं की ‘येस’, आणि डब्यातला दाणा. हे दाणे त्याच्या दिवसाच्या जेवणातूनच काढा, नाहीतर वजन वाढेल.

बहुतेक लोक ही पायरी सोडतात, कारण यात शिकवल्यासारखं काही वाटत नाही. पण रस्त्यावर आपल्याला हवं असतं ते नेमकं हेच: आपण हाक न मारता त्यानं मध्ये मध्ये वळून बघणं.

7. घरातून गच्ची, गच्चीवरून गल्ली

घरात येतं ते बाहेर आपोआप येत नाही. जागा बदलली की कुत्र्यासाठी धडा जवळजवळ नवा असतो. वेळ, अंतर आणि आसपासचा गोंधळ, या तिन्हीतली एकच गोष्ट एका वेळी वाढवा.

क्रम साधारण असा: बंद खोली, टीव्ही चालू असलेला हॉल, गच्ची, अंगण, पहाटेची रिकामी गल्ली, मग एखाद्या मोकळ्या मैदानाची कड. होम मैदान कुठलाही कार्यक्रम नसताना पहाटे बरं पडतं. कडेला उभं राहायचं, लोक चालताना-पळताना लांबून दिसतात, आणि लांबून दिसणंच सुरुवातीला हवं असतं. कंबर तलावाकडे पक्षी आणि फिरायला येणारे लोक दोन्ही असतात, त्यामुळे तिथे नंतर. सात रस्ता, नवी पेठ यांसारख्या गर्दीत नेऊन सराव करायची गरज नाही. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर त्या खटखटीची कुत्र्याला बहुधा सवय झालेली असते, पण जुळे सोलापूरसारख्या भागातून पूर्व भागात नेलं तर आधी लांबूनच आवाज ऐकू द्या.

ओळीनं दोनदा बघितलं नाही तर ती जागा त्याला अजून जड जाते आहे. वीस पावलं मागे या आणि तिथे करा. खाऊ तोंडाजवळ नेऊनही घेत नसेल तर तो घाबरलेला तरी आहे किंवा फार पेटलेला तरी. त्या वेळी काहीच शिकता येत नाही. शांतपणे घरी आणा.

8. चालताना

फाटकाबाहेर पडण्याआधी थांबा. त्यानं वर बघितलं की फाटक उघडायचं. कुत्र्याला बाहेर जायचंच असतं, त्यामुळे इथे खाऊही लागत नाही.

लीश ताणली की उभे राहा. ढिली झाली की ‘चल’ म्हणून उलट दिशेला वळा, आणि तो शेजारी आला की मांडीच्या शिवणीजवळ तुकडा द्या. हात पुढे करून दिला तर तो पुढेच चालायला शिकतो. पहिले काही दिवस घरापासून विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंतही पोचणं होणार नाही. त्यात काही बिघडत नाही.

आणि हुंगू द्या. नाकानं गल्ली वाचणं ही त्याची गरज आहे. तुमच्याकडे बघितलं की ‘जा, हुंग’ म्हणून झाडाच्या बुंध्याकडे सोडा. बऱ्याच कुत्र्यांना हे चिकनपेक्षाही प्रिय असतं.

9. गल्लीतली कुत्री समोर आली तर

इथे नवीन माणसाची सगळ्यांत जास्त तारांबळ उडते. लांबूनच बघून ठेवा. आपल्या कुत्र्याचे कान ताठ झाले, तोंड बंद झालं, शेपटी वर गेली, पण अजून भुंकला नाही, एवढ्या अंतरावर ‘बघ’ म्हणा. बघितलं तर ओळीनं चार-पाच तुकडे द्या आणि ‘चल’ म्हणून वळा. बघितलं नाही तर तुकड्यांची वाट न बघता वळा. लीश ढिली ठेवा. ती आवळली की तुमची भीती थेट त्याच्या अंगात जाते.

समोरच्या कुत्र्यांच्या डोळ्यात बघू नका, पळू नका, दगड उचलायचा आव आणू नका. त्यानं टोळी जास्त भुंकते आणि आपल्या कुत्र्याच्या मनात ती जागा कायमची धोक्याची होते. रोज एकाच गल्लीत असं होत असेल तर वाट बदला, वेळ बदला. कुणाला चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. आपल्या कुत्र्याला चावा बसला तर त्याच्या डॉक्टरांकडेही त्याच दिवशी.

10. लांब दोर

रिकाम्या, कुंपण असलेल्या जागेत दहा मीटरचा दोर लावून त्याला फिरू द्या. आपणहून वळून बघितलं की ‘येस’, आणि आला की भरपूर कौतुक. मग नाव, ‘ये’, आणि तुम्ही दोन पावलं मागे पळा. आल्यावर लगेच लीश लावून घरी नेऊ नका. तुकडा द्या आणि पुन्हा सोडा. मुधोळ-कारवानला विजापूर रोड किंवा होटगी रोडच्या आसपास उघड्यावर दोराशिवाय सोडायचं नाही, कितीही शिकला असला तरी. एक ससा दिसला की दोन सेकंदांत तो रस्त्याच्या पलीकडे असतो.

हमखास होणारी गडबड

आधी खाऊ दाखवून मग हाक मारणं. असं केलं की खाऊ दिसेपर्यंत कुत्रा येत नाही. तुकडा पिशवीतच राहू द्या आणि ‘येस’ म्हटल्यावर हात घाला.

घरातला एक माणूस शिकवतो आणि दुसरा जेवताना ताटातलं टाकतो. ताटाजवळ मिळणारं बंद झाल्याशिवाय तुमच्या पिशवीला किंमत येत नाही.

काट्यांचा पट्टा, गळा आवळणारी साखळी, वर्तमानपत्राची गुंडाळी. यांनी कुत्रा दबतो आणि नजर चोरायला लागतो. आपल्याला हवं आहे त्याच्या बरोबर उलट.

खाऊ एकदम बंद करणं. सवय पक्की झाली की कधी तुकडा, कधी चेंडू, कधी पोटावर हात, कधी ‘जा, हुंग’, असं बदलत जा. कठीण जागी मात्र चिकन नेहमीच जवळ ठेवा. गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीसमोरून वळून तुमच्याकडे बघणं हे त्याच्यासाठी मोठं काम आहे.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत आणि दिवाळीत दारूकामाच्या दिवसांत नवीन काही शिकवायला घेऊ नका. त्याआधी दोन-तीन महिने फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून खाऊ द्या आणि रोज थोडे वाढवत न्या. त्या रात्री खिडक्या बंद, पंखा चालू, फिरणं दिवसाउजेडी. थरथर थांबत नसेल तर पुढच्या वर्षी आठवडाभर आधीच डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला.

शिकवणारा माणूस लावायचा असेल तर

फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: कुत्र्यानं ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? अंतर वाढवतो, सोपं करतो, खाऊ बदलतो, असं उत्तर आलं तर पुढे बोला. तुम्हाला समोर बसू न देता कुत्रा महिनाभर स्वतःकडे ठेवून घेणाऱ्याकडे पाठवू नका. तिथे कुत्रा त्या माणसाकडे लक्ष द्यायला शिकतो, तुमच्याकडे नाही. कुत्रा घरातल्या कुणावर गुरगुरत असेल, दात दाखवत असेल किंवा चावला असेल, तर या लेखातल्या पायऱ्या करत बसू नका. आधी डॉक्टरांकडून दुखणं नाही याची खात्री करून घ्या, आणि तोपर्यंत लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका.